गार्डन ट्रॅक्टरच्या स्नोथ्रोअरला योग्य बेल्ट आणि पुली कशी निवडायची? नंबर, लांबी, वेग आणि सुरक्षितता, सगळं सोप्या मराठीत

आजचा विषय जरा वेगळा आहे. मोबाईल नाही, ॲप नाही, तर रबराचा एक साधा पट्टा. पण हा पट्टा चुकीचा निवडला तर काय होतं हे मी स्वतः भोगलंय. म्हणून सविस्तर लिहितोय.

मी सध्या अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहराजवळ राहतो. शेजारीच एरी सरोवर आहे. हिवाळ्यात थंड वारा या सरोवराच्या कोमट पाण्यावरून येतो, वाटेत बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावरच्या गावांत सगळा बर्फ ओततो. याला इथे 'लेक इफेक्ट स्नो' म्हणतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये तर जवळच्या ऑर्चर्ड पार्क आणि हॅम्बर्ग भागात चार दिवसांत सुमारे ८० इंच बर्फ पडला होता. म्हणजे माणसाच्या डोक्याच्याही वर.

माझ्या घरासमोरचा गाडीरस्ता साधारण २० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद आहे. त्यावर ३० सेंटिमीटर बर्फ साचला की झाले २४ घनमीटर. ताजा, भुरभुरीत बर्फ घनमीटरला १०० किलो धरला तरी जवळजवळ अडीच टन माल! ओला बर्फ असेल तर याच्या तिप्पट. फावड्याने हे काम करून कंबर धरली, तेव्हा मी एक जुना गार्डन ट्रॅक्टर आणि त्याच्या पुढे लावायचा स्नोथ्रोअर विकत घेतला. त्याचा बेल्ट बदलताना मी दोनदा चुकलो. पहिली चूक फक्त पैशांची होती. दुसऱ्या चुकीत हात जाता जाता वाचला.

या लेखात काय बघणार आहोत?

• हे यंत्र चालतं कसं
• बेल्टवरच्या नंबरचा अर्थ
• बेल्टची लांबी मोजायचं सूत्र
• पुलीचा आकार आणि वेग यांचा संबंध
• लिव्हर बंद केल्यावर बेल्ट सुटतो की नाही, हे तपासायची पद्धत
• या सगळ्यात स्मार्टफोनचा उपयोग

भारतातल्या वाचकांना वाटेल, आम्हाला स्नोथ्रोअरचं काय करायचंय? पण पिठाची गिरणी, कडबाकुट्टी, एअर कॉम्प्रेसर, सगळीकडे याच जातीचे बेल्ट असतात. गणित तेच आहे. आणि शिकायला किंवा नोकरीसाठी थंड देशात जाणारे आपले मित्र आता कमी नाहीत.

१) यंत्र आधी समजून घेऊ

गार्डन ट्रॅक्टर म्हणजे आपल्या शेतातला ट्रॅक्टर नाही. गवत कापायला, छोटी ट्रॉली ओढायला आणि हिवाळ्यात बर्फ काढायला वापरायचं, एका माणसाने बसून चालवायचं छोटं यंत्र. त्याच्या पुढे स्नोथ्रोअर बसतो.

दोन टप्प्यांच्या स्नोथ्रोअरमध्ये पुढे एक आडवा स्क्रू असतो, त्याला ऑगर म्हणतात. तो बर्फ फोडून मध्यभागी आणतो. त्याच्या मागे पंख्यासारखा इंपेलर असतो. तो हा बर्फ वरच्या वाकड्या नळीतून, म्हणजे शूटमधून, लांब फेकतो. ऑगर हळू फिरतो, इंपेलर जोरात.

या दोघांना ताकद मिळते ट्रॅक्टरच्या इंजिनकडून. माझ्या ट्रॅक्टरमध्ये इंजिनच्या पुढच्या टोकाला लहान पुली आहे आणि खाली स्नोथ्रोअरच्या शाफ्टवर मोठी पुली. दोघींमध्ये शेजारी शेजारी दोन बेल्ट. मध्ये एक हलणारी आयडलर पुली आहे. मी लिव्हर पुढे केला की आयडलर बेल्टला दाबते, बेल्ट ताणला जातो आणि इंपेलर फिरतो. लिव्हर मागे घेतला की आयडलर दूर होते, बेल्ट सैल पडतो आणि इंपेलर थांबायला हवा.

हे शेवटचं वाक्य नीट लक्षात ठेवा. इथे बेल्ट हाच क्लच आहे. म्हणून योग्य बेल्टची व्याख्या दुहेरी आहे: लिव्हर चालू असताना घट्ट पकडायला हवा आणि बंद असताना पूर्ण सोडायला हवा. गिरणीच्या बेल्टला सहसा फक्त पहिलं काम असतं. इथे दुसरं काम जास्त महत्त्वाचं.

(काही ट्रॅक्टरमध्ये इंजिनचा शाफ्ट उभा असतो. तिथे बेल्टला वळवून न्यायला दोन जास्तीच्या पुली असतात. पुढचे नियम तिथेही लागू आहेत, फक्त लांबीचं सूत्र सरळ चालत नाही. तिथे मॅन्युअलमधला बेल्टच घ्यावा.)

२) माझ्या दोन चुका

जुने बेल्ट भेगाळले होते. वरचा नंबर पुसला गेलेला. मी एक बेल्ट काढला, त्याच्या बाहेरून कापडी टेप फिरवली आणि माप आलं ५६ इंच. दुकानात जाऊन म्हणालो, "ए सेक्शन, ५६." त्याने ए-५६ दिले.

घरी बसवले, लिव्हर ओढला. आयडलर तिच्या शेवटच्या टोकापर्यंत गेली तरी बेल्ट सैलच. ओला बर्फ आला की इंपेलर थांबायचा, बेल्ट पुलीवर घसरायचा आणि जळक्या रबराचा वास. दोन दिवसांत बेल्ट चकचकीत झाले. ही पहिली चूक.

मग मी रागाने उलट्या टोकाला गेलो. "लांब होतात ना, मग चांगले आखूड घेऊ." ए-५३ आणले. बसवताना ताकद लागली, पण बसले. एकदम घट्ट! बर्फ मस्त लांब उडायला लागला. मी खूश.

तिसऱ्या दिवशी ओल्या बर्फाने शूट तुंबली. मी लिव्हर मागे घेतला, सीटवरून उतरलो आणि पुढे गेलो. इंजिन चालूच ठेवलं होतं. शूटमध्ये काठी घातली, बर्फ सुटला आणि त्याच क्षणी इंपेलरने काठी हिसकावून घेतली. दोन तुकडे झाले. लिव्हर बंद होता, पण आखूड बेल्ट पुलीला थोडा धरूनच होता. तुंबलेल्या बर्फामुळे इंपेलर फक्त अडून राहिला होता, थांबला नव्हता. अडथळा गेला आणि तो फिरला.

काठीच्या जागी हात असता तर? हा विचार करत मी बराच वेळ पायरीवर बसून राहिलो.

त्या रात्री मिरजेजवळच्या गावी वडिलांना व्हिडिओ कॉल केला. अण्णांनी तीस वर्षं पिठाची गिरणी चालवली आहे. सगळं ऐकून ते आधी रागावले, मग म्हणाले, "लांबीच्या मागे काय लागलास? पुली बघितलीस का? बेल्ट तिच्यात कुठं बसतोय ते दाखव आधी." मी कॅमेरा पुलीवर धरला. तिथून खरा अभ्यास सुरू झाला.

३) बेल्टवरच्या नंबरचा अर्थ

या बेल्टचा आडवा छेद इंग्रजी व्ही सारखा असतो, म्हणून व्ही-बेल्ट. तो पुलीच्या खाचेत पाचरीसारखा रुततो. पकड मिळते ती दोन्ही तिरक्या बाजूंना. तळाला नाही.

नेहमीचे दोन आकार:

• ए सेक्शन: वरची रुंदी अर्धा इंच (सुमारे १३ मिमी), जाडी सुमारे ८ मिमी
• बी सेक्शन: वरची रुंदी सुमारे १७ मिमी, जाडी सुमारे ११ मिमी

अक्षराच्या पुढचा आकडा म्हणजे आतल्या बाजूची लांबी, इंचांमध्ये. ए-५४ म्हणजे आतून सुमारे ५४ इंच. भारतातही ए-५४, बी-५२ असंच बोलतात.

आता गंमत बघा. अमेरिकेत बागेच्या यंत्रांसाठी हलक्या कामाच्या बेल्टची वेगळी मालिका आहे. तिचे नंबर ४एल, ५एल असे सुरू होतात. ४एल ची रुंदी ए एवढी आणि ५एल ची बी एवढी. पण यातली लांबी बाहेरून मोजलेली असते आणि शेवटचा आकडा दशांश असतो. म्हणजे ४एल५६० चा अर्थ बाहेरून ५६.० इंच.

ए बेल्टची बाहेरची लांबी आतल्यापेक्षा साधारण २ इंच जास्त असते, बी ची साधारण ३ इंच. म्हणून:

• ए-५४ ची लांबी ४एल५६० एवढी
• बी-५२ ची लांबी ५एल५५० एवढी

माझी पहिली चूक कळली ना? मी बाहेरून ५६ मोजलं आणि आतून ५६ असलेला बेल्ट मागितला. थेट २ इंच जास्त!

लांबी सारखी म्हणजे बेल्ट सारखा, असंही नाही. फरक आतल्या धाग्यात आणि वरच्या कापडात असतो. साध्या औद्योगिक बेल्टमध्ये बहुतेक पॉलिएस्टरचा धागा असतो. क्लचसारख्या वापरासाठी बनवलेल्या बेल्टमध्ये अनेकदा अरामिड धागा असतो, ज्याला सगळे केव्हलार म्हणतात. त्यावर घसरणं सोसणारं कापडी आवरणही असतं. दातेरी, उघड्या कडांचा बेल्ट पकड जास्त देतो, पण लिव्हर बंद केल्यावर तो सहज सुटत नाही. त्यामुळे आयडलरने चालू-बंद होणाऱ्या यंत्राला कापडाने गुंडाळलेला बेल्टच घ्या. रंगावरून ओळखू नका. हिरवा, पिवळा, काळा हे प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं.

४) पुली तपासा, मगच बेल्ट घ्या

अण्णांनी व्हिडिओवर बघितलं ते हे: माझा बेल्ट पुलीच्या काठापेक्षा खाली गेला होता.

नियम सोपा आहे. योग्य बेल्टची वरची बाजू पुलीच्या काठाशी जवळपास समतल असते, किंवा किंचित वर. बेल्ट खाचेच्या तळाला कधीच टेकता कामा नये. टेकला की पाचरीचा परिणाम संपला आणि बेल्ट घसरणार.

हे तपासा:

• खाचेचा तळ चकचकीत दिसतोय? बेल्ट तळाला टेकतोय. एक तर बेल्ट अरुंद आहे, नाहीतर खाच झिजली आहे.
• खाचेच्या बाजू सरळ आहेत की वाटीसारख्या आत गेल्यात? सरळ पट्टीचा तुकडा बाजूला लावून बघा. पाऊण मिलिमीटरपेक्षा जास्त खड्डा असेल तर पुली बदला. नाहीतर नवा बेल्टही लवकर जाईल.
• काठ वाकडा, चिरलेला किंवा गंजून खडबडीत आहे?
• पुली शाफ्टवर डुगडुगते का? चावी आणि तिचा स्क्रू घट्ट आहे का?

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. बेल्टचा स्वतःचा कोन साधारण ४० अंशांचा असतो. पण तो लहान पुलीभोवती वाकला की आतला भाग फुगतो आणि कोन कमी होतो. म्हणून लहान पुलीची खाच ३४ अंशांची आणि मोठ्या पुलीची ३८ अंशांची करतात. लेथवर कुणाकडून पुली बनवून घेणार असाल तर हे आवर्जून सांगा.

लहान पुलीवर जाड बेल्ट चालवू नका. बी सेक्शनचा बेल्ट ३ इंचाच्या पुलीवर प्रत्येक फेरीत जबरदस्तीने वाकतो, तापतो आणि चिरतो. "जाड म्हणजे मजबूत" हा हिशोब इथे चालत नाही.

दोन बेल्ट शेजारी असतील तर दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच नंबरचे आणि एकाच वेळी बदला. एक जुना आणि एक नवा लावला तर जुना ताणलेला असतो, त्यामुळे सगळा भार नव्यावर येतो. एकाने काम करायचं आणि दुसऱ्याने नुसतं सोबत फिरायचं, असं होतं.

५) बेल्टची लांबी: सूत्र आणि माझं गणित

जुना बेल्ट मोजण्यात एक धोका आहे. तो ताणलेला असतो, आणि आधीच्या मालकाने चुकीचाच लावलेला असू शकतो. त्यापेक्षा पुली मोजा.

लांबी = २ × अंतर + १.५७ × (मोठी + लहान) + (मोठी − लहान)² ÷ (४ × अंतर)

इथे 'अंतर' म्हणजे दोन्ही शाफ्टच्या मध्यांमधलं अंतर. 'मोठी' आणि 'लहान' म्हणजे पुलींचे व्यास. पण बाहेरचा व्यास नाही! बेल्टचा धागा काठाच्या थोडा आत असतो. ए किंवा ४एल साठी बाहेरच्या व्यासातून साधारण पाव इंच वजा करा.

माझी मापं:

• लहान पुली बाहेरून ३.७५ इंच, म्हणजे धरायची ३.५
• मोठी पुली बाहेरून १०.७५ इंच, म्हणजे धरायची १०.५
• अंतर १५.५ इंच

आता मांडू:

• २ × १५.५ = ३१
• १.५७ × १४ = २१.९८
• ७ × ७ = ४९, भागिले ६२ = ०.७९
• बेरीज = ५३.७७ इंच

ही धाग्याच्या रेषेवरची लांबी आहे. ए बेल्टमध्ये ती आतल्या लांबीपेक्षा १.३ इंच जास्त असते. बी मध्ये १.८ इंच. म्हणजे:

• ए-५३ ची लांबी ५४.३. फक्त अर्धा इंच सैल. लिव्हर बंद केला तरी पुलीला घासत राहतो. हाच माझा काठीवाला बेल्ट.
• ए-५४ ची लांबी ५५.३. दीड इंच सैल. आयडलर हे सहज ओढून घेते, आणि सोडल्यावर बेल्ट मोकळा होतो. हा बरोबर.
• ए-५६ ची लांबी ५७.३. साडेतीन इंच सैल. आयडलर पुरत नाही. ही माझी पहिली चूक.

बघा, मधल्या एका नंबरावर सगळं अवलंबून होतं. दीड इंच हा माझ्या यंत्राचा आकडा आहे, तुमच्या आयडलरचा प्रवास वेगळा असेल. मॅन्युअल मिळालं तर त्यातला नंबर पहिला. सूत्र हे पडताळणीसाठी, किंवा पुलीच बदलली असेल तेव्हासाठी.

६) पुलीचा आकार आणि वेग: इथे मोह टाळा

वेगाचं गणित एका ओळीचं आहे:

मोठ्या पुलीचे फेरे = इंजिनचे फेरे × लहान पुली ÷ मोठी पुली

या प्रकारची इंजिनं पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला साधारण ३६०० फेरे फिरतात. माझं प्रमाण ३.५ ला १०.५, म्हणजे १ ला ३. म्हणून इंपेलर १२०० फेरे फिरतो. पुढे ऑगरच्या गिअरबॉक्समध्ये वेग आणखी दहापट कमी होतो, म्हणून ऑगर सुमारे १२० फेरे.

इंपेलरचा व्यास १२ इंच आहे. १२०० फेऱ्यांना त्याच्या टोकाचा वेग होतो सेकंदाला सुमारे १९ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ७० किलोमीटर. शूटमधून सुटलेला दगड किती जोरात जाईल याचा अंदाज आला असेल.

आता बऱ्याच जणांना सुचतं: "इंजिनला मोठी पुली लावू, बर्फ लांब जाईल." समजा ३.५ ऐवजी ४.५ इंचाची लावली. मग इंपेलर १५४० च्या आसपास फिरेल. वेग सुमारे २९ टक्के वाढला. पण बर्फाला द्यावी लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे सुमारे ६५ टक्के जास्त! इंपेलरच्या पात्यांना बाहेर खेचणारं बलही तेवढंच वाढतं. जुन्या वेल्डिंगला आणि बेअरिंगला हे झेपेलच याची खात्री कोण देणार? शिवाय इंजिनची ताकद तीच आहे. ओल्या बर्फात ते दम टाकेल.

पुली हरवली किंवा फुटली असेल तर मूळ व्यासाचीच शोधा. कंपनीने ठरवलेला वेग ओलांडू नका. बर्फ जवळ पडत असेल तर आधी बेल्ट घसरतोय का, थ्रॉटल पूर्ण आहे का, शूटच्या आत गंज आहे का, हे बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं.

७) आयडलर आणि सरळ रेष

आयडलर नेहमी बेल्टच्या सैल बाजूला असावी. सैल बाजू कशी ओळखायची? इंजिनची पुली ज्या बाजूचा बेल्ट स्वतःकडे ओढते ती ताणाची बाजू. दुसरी सैल.

आयडलर बाहेरून दाबत असेल तर ती सपाट हवी, कारण बेल्टची पाठ सपाट असते. आतून दाबत असेल तर खाचेची. बाहेरून दाबणारी आयडलर लहान पुलीजवळ असेल तर बेल्ट त्या पुलीला जास्त गुंडाळला जातो आणि पकड वाढते. माझ्या मापांत आयडलरशिवाय लहान पुलीवर बेल्ट १५४ अंश गुंडाळतो. पण उलटं वाकण्यामुळे बेल्टचं आयुष्य थोडं कमी होतं. आयडलर हाताने फिरवून बघा. खरखर आवाज आला तर तिचं बेअरिंग गेलंय.

दोन्ही पुली एका रेषेत हव्यात. लांब, सरळ पट्टी दोन्ही पुलींच्या तोंडावर टेकवून बघा. व्ही-बेल्टला अर्ध्या अंशापेक्षा जास्त तिरकेपणा चालत नाही. माझ्या साडेपंधरा इंच अंतरात हे होतात फक्त साडेतीन मिलिमीटर. तिरकी पुली असेल तर बेल्टची एकच कड झिजते, किंवा तो उलटा होऊन बाहेर पडतो.

पुलीच्या भोवती लोखंडी सळीच्या किंवा पत्र्याच्या छोट्या अटकण्या असतात. त्या काढून फेकू नका! बेल्ट सैल झाल्यावर त्या त्याला बाहेरच्या बाजूने अडवतात, त्यामुळे बेल्ट पुलीपासून नीट सुटतो. माझ्या ट्रॅक्टरची एक अटकण आधीच्या मालकाने काढलेली होती. ती मी परत लावली. बेल्ट ताणल्यावर अटकण त्याला घासणार नाही एवढी फट ठेवा.

८) स्मार्टफोनचा उपयोग

• फोटो: बेल्ट काढण्याआधी चारही बाजूंनी फोटो काढा. शेजारी पट्टी ठेवा. कुठली आयडलर आत, कुठली बाहेर, हे नंतर आठवत नाही.
• पुसलेला नंबर: फ्लॅशलाइट बेल्टवर अगदी तिरका धरा. उमटलेले अंक सावलीमुळे दिसतात.
• गणित: वरचं सूत्र शीट ॲपमध्ये एकदा टाकून ठेवा. अंतर बदललं की लांबी आपोआप येते.
• वेग: मोठ्या पुलीवर खडूने एक रेघ मारा. फोन स्टँडवर दूर ठेवून २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये चित्रण करा. १२०० फेरे म्हणजे सेकंदाला २० फेरे, म्हणजे एका फेरीला १२ फ्रेम. तुम्हाला १४ फ्रेम दिसल्या तर वेग १०३० च्या आसपास आहे. थ्रॉटल कमी असेल किंवा बेल्ट घसरत असेल.

फोन हातात धरून यंत्राजवळ वाकू नका. सैल बाही, मफलर, चार्जिंगची वायर, काहीही फिरत्या पुलीजवळ नको. चित्रण झालं की बेल्टचं कव्हर लगेच परत लावा.

९) शेवटची चाचणी: सुटतो का?

नवा बेल्ट बसवल्यावर मी आता हे क्रमाने करतो.

१. इंजिन बंद, स्पार्क प्लगची वायर काढलेली. लिव्हर बंद ठेवून मोठी पुली हाताने फिरवतो. ती मोकळी फिरायला हवी आणि इंजिनची पुली हलता कामा नये.
२. लिव्हर चालू करून बेल्टच्या मध्यावर बोटाने दाबतो. दर इंच लांबीला एक चौसष्टांश इंच, म्हणजे माझ्याकडे साधारण पाव इंच दबला की ताण ठीक.
३. सगळी कव्हरं लावून, प्लगची वायर जोडून, सीटवर बसून इंजिन सुरू. लिव्हर चालू करून एक मिनिट, मग बंद. इंपेलर काही क्षणांत पूर्ण थांबायला हवा. हळूहळू फिरत राहिला तर बेल्ट आखूड आहे, आयडलर अडकते आहे, किंवा अटकण चुकीच्या जागी आहे. तोवर यंत्र वापरायचं नाही.
४. अर्धा तास काम केल्यावर ताण पुन्हा तपासतो. नवा बेल्ट सुरुवातीला थोडा बसतो.

१०) नेहमी पडणारे प्रश्न

थंडीत सकाळी बेल्ट किंचाळतो, का?
रात्री वितळलेलं पाणी पुलीवर गोठतं आणि रबरही कडक होतं. काम संपल्यावर बर्फ झटकून, लिव्हर एक-दोनदा चालू-बंद करून मगच यंत्र ठेवा. किंचाळणं थांबलं नाही तर ताण कमी आहे.

बेल्टवर पकड वाढवणारा स्प्रे मारू का?
मारू नका. चिकटपणा वाढला की बेल्ट सुटायला त्रास होतो. मूळ कारण तसंच राहतं.

बेल्ट स्क्रूड्रायव्हरने चढवला तर चालेल?
नाही. आतला धागा तुटतो आणि बाहेरून काही दिसत नाही. आयडलर मोकळी करून बेल्ट हाताने चढला पाहिजे. चढत नसेल तर तो तुमचा बेल्टच नाही.

ऑगरची शिअर पिन तुटली, साधा बोल्ट टाकू?
अजिबात नाही. दगड अडकला तर ती पिन आधी तुटावी म्हणूनच नरम बनवलेली असते. तिच्या जागी कडक बोल्ट टाकला तर गिअरबॉक्स फुटेल.

माझ्या ट्रॅक्टरच्या सीटखालचा सुरक्षा स्विच आधीच्या मालकाने वायर जोडून निकामी केला होता. चालक उतरला की इंजिन बंद व्हावं म्हणून तो असतो. तो मी दुरुस्त केला, तेव्हाच ए-५४ ची जोडीही लावली.

आणि हे मात्र पाठ करून ठेवा. बेल्ट कितीही बरोबर असला तरी शूट तुंबली की आधी इंजिन बंद, चावी खिशात, सगळं थांबेपर्यंत वाट, आणि मगच लांब काठी. इंजिन बंद असतानाही अडकलेल्या ऑगरमध्ये आणि बेल्टमध्ये ताण शिल्लक असतो. अडथळा निघाला की तो एक झटका देऊ शकतो. हात कधीच घालायचा नाही.

त्या काठीचा एक तुकडा मी शेडमध्ये खिळ्याला टांगून ठेवलाय. त्याच्या शेजारी खडूने लिहिलंय: ए-५४, दोन नग. पुढच्या हिवाळ्यात दुकानात जाताना तेवढं वाचलं की पुरतं.